गुडघा आधी मोकळा सुटला पाहिजे: एमआर डॅम्परबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कृत्रिम गुडघ्यात वापरल्या जाणाऱ्या मॅग्नेटोऱ्हिऑलॉजिकल, म्हणजे एमआर द्रवाची ओळख करून दिली होती. तेलात लोखंडाची अतिसूक्ष्म पूड मिसळलेली असते. चुंबकीय क्षेत्र लागलं की पुडीच्या कणांच्या साखळ्या बनतात आणि द्रव घट्ट होतो, क्षेत्र काढलं की पुन्हा पातळ होतो. अमेरिकेत जेकब रॅबिनो यांनी १९४८ साली हा गुणधर्म दाखवून दिला. कृत्रिम गुडघ्यात तो यायला पुढची सुमारे ५० वर्षं लागली. तिथे हा द्रव भरलेल्या सिलिंडर-पिस्टनला एमआर डॅम्पर म्हणतात: कॉइलमधून करंट सोडला की तो गुडघा धरतो, बंद केला की मोकळा सोडतो. त्या लेखावर सोलापूर शहर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी काहींची उत्तरं या वेळी देत आहोत.

प्रश्न: आम्ही अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. ६० किलो वजनाच्या माणसासाठी मांडीखालच्या पायाचा एमआर डॅम्पर प्रकल्प म्हणून करतोय. सिलिंडरचा आतला व्यास ३२ मिमी, पिस्टन ३१ मिमी, म्हणजे फट ०.५ मिमी. पिस्टनची लांबी ४४ मिमी, मधे एकच कॉइल, दोन्ही टोकांना ८-८ मिमीचे ध्रुव. १० मिमीचा स्टेनलेस दांडा पिस्टनमधून आरपार. द्रव आयात केलेला एमआरएफ-१३२डीजी. हिशेबाने ६० न्यूटन-मीटरहून जास्त पकड यायला हवी होती, आली निम्म्याहून कमी. उलट करंट बंद असतानाही गुडघा जड चालतो. फट आणखी कमी करावी का? (विद्यार्थी गट, सोलापूर)

उत्तर: फट कमी करू नका, वाढवा. तुमच्या डॅम्परमध्ये दोन वेगळे दोष आहेत. त्यातला जडपणाचा आधी घेऊ, कारण रचना तिथूनच सुरू व्हायला हवी.

पाय पुढे टाकताना गुडघा साधारण ६० अंशांपर्यंत वाकतो आणि सेकंदाला ६ रेडियनच्या आसपास वेगाने फिरतो. तुमच्या डॅम्परचा दांडा गुडघ्याच्या आसापासून ३५ मिमीवर जोडलेला आहे असं धरलं, तर पिस्टनचा वेग सेकंदाला ०.२१ मीटर होतो. द्रवाचा चिकटपणा ०.१ पास्कल-सेकंद धरा. अरुंद फटीतून द्रव ढकलायला लागणारा दाब काढायचा तर १२ ला चिकटपणा, प्रवाह आणि लांबी यांनी गुणायचं, आणि फटीचा परीघ गुणिले फटीचा घन याने भागायचं. तुमच्या आकड्यांनी हा दाब ०.६ मेगापास्कल निघतो. पिस्टनवर त्याचं बळ ४१० न्यूटन होतं, आणि गुडघ्यावर १४ न्यूटन-मीटर. कॉइलमध्ये एक मिलिअँपिअरही नसताना एवढा विरोध आहे.

आता दुसरी बाजू पाहा. गुडघ्याखालचा कृत्रिम पाय २ किलोचा आणि त्याचा गुरुत्वमध्य २५ सेमी खाली धरला, तर ६० अंशांवर त्याचं स्वतःचं वजन त्याला फक्त ४ न्यूटन-मीटरने खाली ओढतं. १४ चा अडथळा ४ ने हलत नाही. मग माणूस कंबर उचलून पाय फेकतो, संध्याकाळी पाठ धरते आणि तो पाय कोपऱ्यात पडून राहतो. म्हणून आमचा आग्रह असा की करंट नसतानाचा एकूण विरोध, सीलच्या घर्षणासह, ३ न्यूटन-मीटरच्या आत ठेवायचा. हा आकडा आधी पक्का करायचा, पकडीचा नंतर.

हे साधतं ते फटीच्या घनामुळे. चुंबकीय पकडीचा दाब फटीच्या साध्या व्यस्त प्रमाणात बदलतो, चिकटपणाचा दाब घनाच्या व्यस्त प्रमाणात. ०.५ वरून ०.८ मिमीवर गेलात तर पकड ६३ टक्क्यांवर येते, पण फुकटचा विरोध २४ टक्क्यांवर उतरतो. शिवाय ध्रुव सोडून कॉइलवरचा भाग खोलगट ठेवा. तिथे पिस्टनचा व्यास २८ मिमी, म्हणजे फट २ मिमी. त्या भागाने पकड मिळत नाहीच, मग विरोध तरी कशाला सोसायचा? ०.८ मिमी फट, एकूण १६ मिमी ध्रुव आणि बाकी खोलगट, एवढ्यावर विरोध १.३ न्यूटन-मीटरवर येतो. दोन सीलचे मिळून ३५ न्यूटन धरले तर त्यात १.२ ची भर. बेरीज २.५. गुडघा सुटला.

फट १.२ मिमीच्या पुढे मात्र नेऊ नका. अँपिअर-वेढे, म्हणजे करंट गुणिले तारेचे वेढे, फटीच्या प्रमाणात वाढतात आणि कॉइल पिस्टनमध्ये मावेनाशी होते.

आता पकड. दाबफरकाचं ढोबळ सूत्र असं: २.५ गुणिले द्रवाचा यील्ड ताण (घट्ट झालेला द्रव वाहू लागण्याआधी जेवढा ताण सोसतो तो) गुणिले ध्रुवांची एकूण लांबी, भागिले फट. यील्ड ताण ४० किलोपास्कल, ध्रुव १६ मिमी, फट ०.८ मिमी. उत्तर २ मेगापास्कल. पिस्टन ३०.४ मिमी, दांडा १० मिमी, म्हणजे क्षेत्रफळ ६४७ चौ. मिमी. बळ सुमारे १,२९० न्यूटन, गुडघ्यावर ४५ न्यूटन-मीटर. ६० किलोच्या माणसाला सपाटीवर चालताना उभ्या टप्प्यात, म्हणजे पाय जमिनीवर टेकलेला असताना, ३० च्या आसपास लागतं. एकेक पाय टाकत पूर्ण भाराने जिना उतरायचा तर याहून जास्त हवं. पहिल्या नमुन्यात ते उद्दिष्ट ठेवू नका.

तुमच्या हिशेबात ६० आले आणि हातात निम्मेही नाहीत, याचं कारण पिस्टनमधला लोखंडी गाभा. ४० किलोपास्कलसाठी द्रवात सुमारे १५० किलोअँपिअर प्रति मीटर क्षेत्र लागतं, तेव्हा फटीत ०.७५ टेस्लाच्या आसपास घनता असते. ८ मिमीच्या एका ध्रुवाखालचं क्षेत्रफळ ७९२ चौ. मिमी. तेवढं सगळं फ्लक्स, म्हणजे चुंबकीय प्रवाह, मधल्या गाभ्यातून जाणार. गाभा १८ मिमीचा असेल आणि त्यातून १० मिमीचा स्टेनलेस दांडा गेला असेल, तर लोखंड उरतं फक्त १७६ चौ. मिमी. भागाकार करा, ३.४ टेस्ला येतात. माइल्ड स्टील १.६ ते १.८ च्या पुढे दमतं. तुम्ही करंट दुप्पट केला तरी फक्त कॉइल तापेल, पकड वाढणार नाही.

उपाय असा. एकाऐवजी दोन कॉइल, उलट दिशांनी वेढलेल्या. ध्रुव ४, ८ आणि ४ मिमी, मधे १४-१४ मिमीच्या दोन खाचा. लांबी तीच ४४ मिमी राहते, पण प्रत्येक कॉइलला निम्मंच फ्लक्स वाहायचं असतं. दांडा आरपार घालू नका. दोन्ही बाजूंनी एम-८ आट्यांनी पिस्टनच्या टोकांत बसवा, म्हणजे १८ मिमीचा गाभा जवळपास भरीव राहतो आणि त्यातली घनता १.२ टेस्लाच्या खाली येते. मधल्या ध्रुवात दोन्हींचं फ्लक्स एकत्र येतं, तिथे १.३ होते. सिलिंडरची भिंत ३ मिमी पुरते. हे सगळं फेम (FEMM) या मोफत सॉफ्टवेअरवर अक्ष-सममितीय मांडणी करून एका दुपारी तपासता येतं. लेथवर जाण्याआधी ते कराच.

एक बाब पत्रात नव्हती, पण विचारायला हवी होती: दांडा कुठे जोडायचा? आसापासूनचा ३५ मिमीचा तो हात, म्हणजे बळाचं आसापासूनचं अंतर, गुडघा वाकेल तसा बदलतो. तो ३० अंशांवर सर्वांत लांब पडेल असं ठेवलं, तर ० आणि ६० अंशांवर तो ८७ टक्के असतो, ९० वर निम्मा होतो. चालण्याचा सगळा व्यवहार ० ते ६० मध्येच आहे. गुडघा १२० अंशांपर्यंत वाकायचा तर पिस्टनला साधारण ५२ मिमी स्ट्रोक, म्हणजे सरकायची जागा, लागतो, ५५ ठेवा.

प्रश्न: आमचं छोटं टर्निंग-ग्राइंडिंगचं वर्कशॉप आहे. एका कॉलेजच्या मुलांनी डॅम्परचं ड्रॉइंग आणलं. सिलिंडर एसएस ३०४ मागितलाय, "गंजू नये म्हणून". आम्ही करून देऊ, पण हे बरोबर आहे का? सीलला काय वापरावं? (वर्कशॉपचालक, होटगी रोड, सोलापूर)

उत्तर: विचारलंत हे फार बरं केलंत. बरोबर नाही. एसएस ३०४ चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही, आणि सिलिंडर हा चुंबकीय परिपथाचा परतीचा रस्ता आहे. तो तुटला की कॉइल कितीही चांगली असली तरी फटीत क्षेत्र पोहोचत नाही. सिलिंडर, पिस्टनचा गाभा आणि ध्रुव हे तिन्ही कमी कार्बनच्या माइल्ड स्टीलचे करा. ईएन-१ए किंवा साधा एमएस बार चालेल. ईएन-८ नको, त्यात कार्बन जास्त असल्याने चुंबकत्व मागे राहतं. टर्निंगनंतर गाभा ॲनिल करून, म्हणजे तापवून हळूहळू थंड करून, घेतला तर आणखी चांगलं. गंजाची काळजी बाहेरून झिंक किंवा पावडर कोटिंगने मिटते. आत तेल आहे.

दांडा आणि दोन्ही झाकणं मात्र चुंबकाला न लागणारी हवीत. दांडा एसएस ३०४ वर हार्ड क्रोम, झाकणं ॲल्युमिनिअमची. दांडा चुंबकीय झाला तर क्षेत्र त्यातून सीलपर्यंत पोहोचतं, लोखंडाचे कण सीलच्या ओठाशी गोळा होतात आणि कानशीसारखे तो ओठ खातात. गळतीची बहुतेक प्रकरणं याच जागी सुरू होतात.

सिलिंडरचं बोअर ३२ एच-७, होनिंग करून ०.४ मायक्रॉन आरए. दांडा ०.२ च्या जवळ. सर्वांत महत्त्वाची समकेंद्रता: पिस्टन आणि बोअर यांत ०.०५ मिमीहून जास्त फरक नको. फट एका बाजूला कमी झाली की त्याच बाजूला चुंबकीय ओढही वाढते, पिस्टन भिंतीला लागतो आणि घासू लागतो. म्हणून दोन्ही झाकणांत ब्रॉन्झची १५ मिमी लांब बुश द्या आणि बोअर व बुशच्या जागा शक्यतो एकाच सेटिंगमध्ये काढा. ते जमत नसेल तर झाकणाला स्पिगॉट ठेवा. पिस्टनवर कसलीही रिंग घालू नका. फट हाच इथला व्हॉल्व्ह आहे.

दांड्याला पॉलियुरेथेनचा यू-कप, त्याच्या बाहेर वायपर. झाकणाला नायट्राइल ओ-रिंग. द्रव सिलिकॉन तेलातला असेल तर सिलिकॉन रबर वापरू नका, ते फुगतं. खनिज किंवा पीएओ (कृत्रिम) तेलातला असेल तर ईपीडीएम नको. कॉइलच्या तारा पोकळ दांड्यातून बाहेर येतात. त्या भोकात एपॉक्सी ओतण्याआधी तारेचं इनॅमल एसिटोनने पुसा आणि ओतल्यावर व्हॅक्यूम लावून बुडबुडे काढा. नाहीतर दोन मेगापास्कल दाबाखाली तेल तारेच्या कडेने दांड्यातून वर येतं, आणि गळती दुसरीकडेच दिसते.

प्रश्न: आयात केलेला द्रव परवडत नाही. लेथखालचा लोखंडी चुरा बारीक चाळून तेलात घातला तर? (पदविका विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर: चुऱ्याचा नाद सोडा. चाळणीतून गेलेला कणही ४०-५० मायक्रॉनचा आणि टोकदार असतो. काही मिनिटांत तळाला बसतो, सील कापतो आणि कार्बनमुळे चुंबकत्व धरून ठेवतो. कार्बोनिल लोखंडाची पूड घ्या, ३ ते ५ मायक्रॉन, गोल कणांची. रसायनांचे पुरवठादार किलोवर देतात, आणि तुमच्या डॅम्परला एकूण ५० मिली द्रवच लागतो.

१०० मिलीसाठी प्रमाण: पूड २३५ ग्रॅम, म्हणजे आकारमानाने ३० टक्के, आणि पातळ सिलिकॉन तेल ६७ ग्रॅम. आधी पुडीच्या वजनाच्या १ टक्का स्टिअरिक ॲसिड कोमट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवा, त्यात पूड घालून ढवळा आणि अल्कोहोल पूर्ण उडू द्या. ठिणगी, गॅस, हीटरची उघडी तार जवळ नको. अल्कोहोलची वाफ पेटते आणि इतकी बारीक लोखंडी पूडही पेटते. तोंडाला एन-९५ मास्क हवा. मग तेलात १ टक्का फ्यूम्ड सिलिका मिसळून घ्या आणि पूड थोडी थोडी घालत स्टेनलेसच्या पात्यांनी मिनिटाला ५०० फेऱ्यांवर चार-पाच तास घोटा. चुंबकीय स्टिररवर ठेवू नका, सगळी पूड कांडीला चिकटेल. तयार द्रवाची घनता मिलीला ३ ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे. २.७ भरली तर हवा राहिली आहे किंवा पूड कमी पडली आहे.

सिलिका वाढवण्याचा मोह होतो, कारण तिच्यामुळे पूड तळाला बसत नाही. पण २ टक्क्यांच्या पुढे द्रव इतका जाड होतो की वर सांगितलेला करंट नसतानाचा १.३ न्यूटन-मीटरचा विरोध तिप्पट-चौपट होतो. गुडघ्याला खरं तर एवढी काळजी लागत नाही. तो रोज हजारो वेळा हलतो आणि द्रव आपोआप ढवळला जातो. तळाला घट्ट थर बसू नये एवढंच पाहायचं. बाटली महिनाभर ठेवून काचेच्या कांडीने तळ चाचपा. कांडी सहज शिरली तर द्रव वापरण्याजोगा आहे.

भरण्याआधी द्रव अर्धा तास व्हॅक्यूमखाली ठेवा. आत १ मिली हवा राहिली तर पिस्टन दीड मिलीमीटर फुकट सरकतो, म्हणजे गुडघा अडीच अंश ढिला. टाच टेकताना तेवढा ढिलेपणा माणसाला घाबरवायला पुरतो.

प्रश्न: मी यंत्रमागांचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करतो. एका प्रकल्पाला मदत करतोय. दोन कॉइल, प्रत्येकी २८० वेढे, २८ गेजची तार, १ अँपिअर. सीरिजमध्ये जोडून ७.४ व्होल्टची बॅटरी लावली. पाय टेकल्यावर गुडघा उशिरा धरतो आणि उचलल्यावर उशिरा सोडतो. द्रव तर काही मिलिसेकंदांत बदलतो असं वाचलं होतं. (अक्कलकोट रोड, सोलापूर)

उत्तर: द्रव खरोखरच तेवढा चपळ आहे. उशीर कॉइलचा आहे. तुमच्या एका कॉइलचा रोध सुमारे ३.१ ओहम आणि प्रेरकत्व ०.०८ हेन्रीच्या आसपास येईल, म्हणजे कालस्थिरांक (करंट चढायला लागणाऱ्या वेळेचं माप) २६ मिलिसेकंद. सीरिजमध्ये ६.३ ओहमवर ७.४ व्होल्ट लावले की १ अँपिअर गाठायला ५० मिलिसेकंद जातात, कारण व्होल्टेज जेमतेम पुरतं. त्याच दोन कॉइल समांतर जोडा, ११.१ व्होल्टची तीन सेलची बॅटरी घ्या आणि करंट मोजून पीडब्ल्यूएमने, म्हणजे वेगाने चालू-बंद करून, प्रत्येकी १ अँपिअरला रोखा. वेळ ९ मिलिसेकंदांच्या आत येतो. खर्च होणारी वीज तीच, ६.३ वॅट. भरीव पोलादातल्या भोवरा प्रवाहांमुळे आणखी थोडे मिलिसेकंद जातील, ते सोसायचे. समांतर जोडताना दिशा तपासा. मधल्या ध्रुवावर दोन्हींचे सारखेच ध्रुव समोरासमोर यायला हवेत, नाहीतर मधला ८ मिमी वाया जातो.

सोडायला उशीर होतो तो कॉइलला आडव्या जोडलेल्या फ्लायबॅक डायोडमुळे. करंट कॉइल आणि डायोड यांच्यातच फिरत हळूहळू विझतो. एच-ब्रिज (करंटची दिशा उलटवता येणारं सर्किट) वापरून बंद करताना उलटं व्होल्टेज द्या, करंट काही मिलिसेकंदांत शून्यावर येईल. मग एक छोटा उलटा ठोका द्या, साधारण ०.१ अँपिअर, ५ ते १० मिलिसेकंद, म्हणजे पोलादात उरलेलं चुंबकत्व जातं. त्या ठोक्याचा अचूक आकडा प्रत्येक पिस्टनला वेगळा असतो. लोंबत्या पायाचा झोका सर्वांत जास्त वेळ टिकेल तो आकडा ठेवा.

आणखी एक युक्ती आहे. टाच टेकेपर्यंत थांबूच नका. पाय पुढे झुलून गुडघा सरळ झाला की लगेच करंट चालू करा. टाच टेकेल तेव्हा डॅम्पर आधीच तयार असेल. गुडघ्याचा कोन मोजायला एएस५६०० हा चुंबकीय सेन्सर चालतो, पण त्याचा चुंबक डॅम्परच्या कॉइलपासून ६०-७० मिमी दूर ठेवा आणि करंट चालू-बंद करून कोन हलत नाही ना ते पाहा. भारासाठी पायलॉनवर, म्हणजे गुडघ्याखालच्या नळीवर, स्ट्रेन गेज. गेज वाचणारी एचएक्स७११ ही चिप सेकंदाला जास्तीत जास्त ८० वाचनं देते, ती इथे अपुरी आहेत. इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर घ्या आणि नियंत्रणाचा फेरा ५०० हर्ट्झवर चालवा.

प्रश्न: माझे यजमान यंत्रमागावर कामाला होते. अपघातात डावा पाय मांडीतून काढावा लागला. शिबिरात मिळालेल्या पायाचा गुडघा चालताना कुलूप लावून ताठ ठेवावा लागतो. तुमच्या लेखातला गुडघा आम्हाला मिळेल का? कर्ज काढायची तयारी आहे. (एक वाचक भगिनी, सोलापूर)

उत्तर: ताई, या गुडघ्यासाठी आत्ता कर्ज काढू नका. एमआर द्रवाचे तयार गुडघे परदेशी आहेत. ओसुर कंपनीचा ऱ्हिओ नी हा त्यातला सर्वांत परिचित. त्याचा पाया अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये घातला गेला. त्यात पिस्टन नसून पातळ पोलादी चकत्यांच्या मधे द्रव असतो. ऑटो बॉकचा १९९७ चा सी-लेग इलेक्ट्रॉनिक आहे, पण त्यात साधं हायड्रॉलिक तेल आणि मोटरने फिरणारे व्हॉल्व्ह असतात. असे गुडघे अनेक लाखांत जातात, आणि दुरुस्तीला परत कंपनीकडेच पाठवावे लागतात. या पानांवर ज्या डॅम्परची चर्चा चालली आहे तो अजून प्रयोगशाळेच्या टेबलावरचा आहे.

तुमच्या यजमानांना आज उपयोगी पडेल तो चार दांड्यांचा, म्हणजे पॉलिसेंट्रिक गुडघा. त्यात बॅटरी नसते. उभं राहिल्यावर त्याचा फिरण्याचा बिंदू मागे आणि वर सरकतो, त्यामुळे कुलूप न लावताही तो सहसा दुमडत नाही, आणि पाऊल टाकताना वाकतो. जयपूर फूट संस्था आणि अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ यांनी मिळून केलेला गुडघा याच जातीचा. कानपूरच्या ॲलिम्को या सरकारी कंपनीमार्फत केंद्र सरकारच्या एडीआयपी या दिव्यांगांसाठीच्या योजनेत कृत्रिम पाय मिळतात. त्यासाठी ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून ठेवलेलं बरं. अर्ज करताना "चार दांड्यांचा गुडघा" असं स्पष्ट विचारा. सॉकेट, म्हणजे उरलेली मांडी ज्यात बसते तो पेला, नीट बसत नसेल तर आधी तो बदलून घ्या. सॉकेट ढिला असताना कुठलाही गुडघा चांगला चालत नाही.

कामाच्या जागेचंही बघा. मागांमधल्या वाटेवर तेल आणि तंतू असतात, तळव्याला खोल खाचांचं रबर हवं. जमिनीवर मांडी घालून बसायचं तर गुडघ्याच्या वर फिरकी ॲडॅप्टर लागतो, तो वेगळा सुटा भाग मिळतो. प्रोस्थेटिस्टला, म्हणजे कृत्रिम पाय बसवणाऱ्या तज्ज्ञाला, तो आधीच सांगावा लागतो, कारण त्यासाठी मांडीच्या बाजूला काही सेंटीमीटर जागा लागते.

प्रश्न: बॅटरी संपली तर? (वाचक, चिंचोळी एमआयडीसी)

उत्तर: द्रव पातळ होतो आणि भार असलेला गुडघा दुमडतो. या रचनेतला हाच सर्वांत मोठा धोका आहे, आणि तो फक्त बॅटरी मोठी करून जात नाही, कारण तार तुटली तरी तेच होतं. गुडघ्याचा आस भाररेषेच्या ५ ते १० मिमी मागे ठेवला तर सरळ उभा असताना तो वजनानेच सरळ राहतो. तेवढं प्रत्येक नमुन्यात असलंच पाहिजे. त्याहून पक्कं हवं तर पिस्टनमध्ये कायम चुंबक घालतात, मग करंट नसताना पकड असते आणि मोकळं सोडायला करंट लागतो. पण मग बॅटरी संपल्यावर पाय ताठ राहतो आणि रचनाही अवघड होते. पहिल्या नमुन्याला आम्ही हाताने लावायची खिटी सुचवतो, आणि बॅटरी २० टक्क्यांवर आली की थरथरणारी छोटी मोटर. बझर नको, कारखान्याच्या आवाजात तो ऐकू येत नाही.

प्रश्न: जानेवारीत भरलेला डॅम्पर एप्रिलमध्ये दोन्ही सीलमधून गळू लागला. सील बदलले, पुन्हा तेच. (विद्यार्थी गट, सोलापूर)

उत्तर: दोष बहुधा सीलचा नाही. दोन्ही बाजूंनी दांडा असलेल्या डॅम्परमध्ये दांडा आत-बाहेर झाला तरी आकारमान बदलत नाही, म्हणून गॅसचा कप्पा लागत नाही असं मानून तो पूर्ण बंद केला जातो. पण तेल तापलं की फुगतं. ५० मिली द्रवातलं ३५ मिली तेल ३० अंशांनी तापलं तर जवळपास १ मिली वाढतं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४३ च्या वर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीवर ठेवलेला धातू त्याहून कितीतरी तापतो. बंद भांड्यात या १ मिलीला जागाच नसते, दाब अनेक मेगापास्कलनी चढतो आणि सीलच्या ओठातून वाट काढतो.

२ मिलीचा स्प्रिंग-पिस्टनचा छोटा कप्पा द्या. तो कुठे जोडायचा यात चूक होते. गुडघा वाकताना ज्या बाजूचा दाब कमी होतो त्या बाजूला जोडा. उलट बाजूला जोडलात तर वाकताना तेल कप्प्यात पळेल आणि सुरुवातीची पकडच जाईल.

डॅम्पर स्वतः किती तापतो हेही पत्रात होतं. ६० किलोचा माणूस १७ सेमीची पायरी उतरतो तेव्हा १०० जूल सुटतात. ६० पायऱ्यांत कृत्रिम पायावर ३० येतात, म्हणजे ३,००० जूल. सारे डॅम्परमध्ये गेले असं धरलं तरी ९०० ग्रॅमचा डॅम्पर ७ अंशच तापतो. उलट माणूस एका जागी उभा असताना पूर्ण करंट १० मिनिटं चालू राहिला तर ३,८०० जूल, म्हणजे ९ अंश. उभं राहणं ओळखून करंट पाव करा. गुडघा तेव्हा सरळच असतो.

प्रश्न: माणसाच्या पायाला बांधण्याआधी किमान काय तपासावं? (प्राध्यापिका, सोलापूर)

उत्तर: गुडघा चौकटीत आडवा बसवा, २५ सेमीच्या दांडीला १५ किलो टांगा. हा ३७ न्यूटन-मीटरचा भार होतो. १ अँपिअरवर तो एक मिनिट न घसरता धरला पाहिजे. मग त्याच भाराखाली वायर उपटून पाहा, खिटी नसताना आणि असताना. करंटशिवाय पाय ६० अंशांवरून सोडा, तो स्वतःच्या वजनाने सरळ होईपर्यंत कुठे अडकायला नको. त्यानंतर मोटर आणि क्रँकने एक लाख फेरे. दर दहा हजारांनी मोकळा विरोध मोजा. तो चढत गेला तर द्रव जाड होतोय किंवा कण सीलमध्ये शिरलेत, उतरला तर गळती शोधा. सांगाड्याच्या मजबुतीला आयएसओ १०३२८ हे मानक आहे, त्यात ३० लाख फेऱ्यांची चाचणी असते. ती कॉलेजात होणार नाही, पण बोल्ट आणि वेल्ड त्या हिशेबानेच काढा.

त्यानंतरही माणसावरची चाचणी तुमच्या एकट्याची नाही. नीतिमत्ता समितीची लेखी परवानगी, वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली लागत असेल ती मंजुरी, आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला प्रोस्थेटिस्ट समोर हवा. पहिली पावलं समांतर कठड्यांमध्ये, छताला अडकवलेला सुरक्षा पट्टा लावून, आणि उभ्या टप्प्यातला करंट गरजेपेक्षा जास्तच ठेवून टाकायची. तो दिवसागणिक थोडा थोडा कमी करत आणायचा. झुलत्या टप्प्यातला करंट मात्र पहिल्या दिवसापासून शून्यच ठेवा.